शाळेतल्या टीव्हीवरचा रुमाल कधी निघतो?

बऱ्याच जिल्हा परिषद शाळांमध्ये आता भिंतीवर एक मोठा टीव्ही असतो. लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून घेतलेला, खाली देणगीदारांची नावं ऑइलपेंटने लिहिलेली. आणि त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल. धूळ बसू नये म्हणून टाकलेला हा रुमाल २६ जानेवारीला निघतो, साहेबांची शाळाभेट ठरली की निघतो, एरवी तो तिथेच.

मी शिक्षक आहे, आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ‘तंत्रस्नेही’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे कुणाचा पासवर्ड विसरला की पहिला फोन मला येतो. त्यामुळे या रुमालाचं कोडं मला बरीच वर्षं छळतंय. साधन आहे, नेट बऱ्यापैकी आहे, प्रत्येक शिक्षकाच्या खिशात चांगला फोन आहे, प्रशिक्षणं तर विचारूच नका. तरी वर्गात वापर होत नाही. का?

नेहमीचं उत्तर तयार असतं: शिक्षकांची मानसिकता. वयस्कर आहेत, घाबरतात, बदल नको असतो. हे उत्तर मला पूर्वी पटायचं. आता पटत नाही. तेच शिक्षक ऑनलाइन पैसे पाठवतात, पोषण आहाराची रोजची माहिती ॲपवर भरतात, यू-डायस, सरल, शालार्थ ही सगळी सरकारी पोर्टलं निभावतात, आणि नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. भीती स्क्रीनची नाही. मग अडतं कुठे?

फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली याच्यासारखाच प्रश्न कचेऱ्यांच्या बाबतीत सोडवायचा प्रयत्न केला. कंपन्या संगणक आणत होत्या आणि कर्मचारी ते वापरत नव्हते. त्याने जे मांडलं ते सोपं करून सांगतो. कुठलंही नवं साधन समोर आलं की माणूस मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. याने माझं काय भागतं? आणि, हे मला झेपेल का? डेव्हिसला आढळलं की दोन्हींत पहिला प्रश्न जास्त वजनाचा आहे. उपयोग दिसला तर माणूस थोडं अवघडही शिकून घेतो. उपयोग दिसत नसेल तर साधन कितीही सोपं असो, तो हात लावत नाही.

आता आपली प्रशिक्षणं आठवा. ‘बघा, किती सोप्पं आहे! इथे क्लिक केलं की झालं!’ सगळा जोर दुसऱ्या प्रश्नावर. पहिल्याचं उत्तर कुणी देतच नाही.

शिक्षकाच्या मनात आणखी एक तिसरा प्रश्न असतो, तो मी माझ्या अनुभवावरून जोडतो: हे बंद पडलं तर पोरांसमोर माझं काय होईल? कचेरीत संगणक अडकला तर माणूस चहा प्यायला जातो. वर्गात तीस पोरं बसलेली असतात. तासिका समजा ४० मिनिटांची. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, ते पंचायत समितीत मीटिंगला. किल्ली मिळाली तर रिमोटचे सेल गेलेले. फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्हीला जोडायचा, तेवढ्यात बायकोचा फोन, स्क्रीनवर तिचं नाव सगळ्या वर्गाला दिसतं. पोरं खिदळतात. दहा मिनिटं गेली, वर्ग हातातून गेला. यानंतर ज्या शिक्षकाने खडू उचलला, त्याला मागासलेला म्हणायचं की हिशोबी? खडू अडकत नाही आणि त्याला चार्जिंगही लागत नाही.

साधन आणलं की शिक्षण बदलेल ही आशा तशी जुनीच. १९१३ मध्ये एडिसन म्हणत होता की आता चित्रपट आला, शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होणार. आपल्याकडे २००४ साली इस्रोने खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. पण सगळ्यात बोलकं उदाहरण पेरू देशाचं. तिथल्या सरकारने साडेआठ लाखांच्या आसपास लॅपटॉप शाळांना वाटले. ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले तिथे दर मुलामागे सव्वाच्या जवळपास संगणक, ज्यांना मिळाले नाहीत तिथे आठ-नऊ मुलांत एक. इतका फरक असूनही गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक सापडला नाही. लॅपटॉप आले, पण त्यांच्याभोवतीचं शिकवणं जसं होतं तसंच राहिलं.

म्हणजे गाडं शिक्षकापाशीच येऊन थांबतं. मग शिक्षक बदलतो कसा?

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट थॉमस गस्की या अभ्यासकाने १९८६ मध्ये सांगितलेली आहे. आपण असं धरून चालतो की आधी शिक्षकाला पटवून द्यायचं. त्याचं मन वळलं की तो शिकवणं बदलेल, शिकवणं बदललं की मुलं शिकतील. गस्की म्हणतो, क्रम उलटा आहे. शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, बहुतेक वेळा मनात शंका ठेवूनच. त्यातून आपल्याच वर्गातली पोरं शिकताना दिसली की मग त्याचं मत बदलतं. मत शेवटी येतं. म्हणून भाषणांनी काही होत नाही. भाषण मतावर मारा करतं, आणि मत पुराव्याशिवाय हलत नाही. पुरावासुद्धा दुसऱ्या देशातला चालत नाही, पाचवी ‘ब’ मधलाच लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असं सांगायला आवडलं असतं. प्रत्यक्षात शिकवलं आमच्या केंद्रातल्या एका बाईंनी.

पन्नाशी ओलांडलेल्या, गणित उत्तम शिकवणाऱ्या, आणि माझ्या तंत्रज्ञानाच्या उत्साहाला पुरून उरलेल्या बाई. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी काहीही दाखवलं की म्हणायच्या, “छान आहे हो सर. पण मला नाही जमायचं ते.” दोन वर्षं हे चाललं. एकदा चहा पिताना त्या सहज बोलल्या, “पाचवीला अपूर्णांक शिकवले. विचारलं, समजलं का? सगळी हो म्हणतात. वही तपासली की डोकं फिरतं.”

मला वाटलं, मिळाला धागा. हा तंत्रज्ञानाचा प्रश्नच नव्हता. ‘समजलं का’ या प्रश्नाला खरं उत्तर कसं मिळवायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. त्यात मुलांकडे फोन लागत नाही, संगणक लागत नाही, टीव्हीसुद्धा नसला तरी चालतं. लागतो तो एक फोन, शिक्षकाचा. मुलांना कागदी कार्डं द्यायची. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी नक्षी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा. ज्याला जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर उमटतं: बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. अक्षरं बारीक आणि प्रत्येक कार्डावर वेगळ्या बाजूला असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही.

मी त्यांना ‘ॲप डाउनलोड करा’ म्हटलं नाही. माझा फोन आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन शनिवारच्या सकाळच्या शाळेत त्यांच्या वर्गात गेलो. मुलांची नावं भरली नव्हती, फक्त हजेरी क्रमांक. बाईंनी फळ्यावर लिहिलं: एक छेद तीन मोठा, की एक छेद चार? ए आणि बी. पोरांनी कार्डं वर केली, मी फोन बाईंच्या हातात दिला. म्हटलं, फिरवा.

त्या फोन फिरवत गेल्या आणि स्क्रीन लाल होत गेली. हजर पोरं २६. हिरवी ९.

बाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस ही सगळी नुसती मान डोलावत होती?”

पुढे जे झालं ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही. बाईंनी फळा पुसला आणि दुसरा प्रश्न लिहिला. एक भाकरी तिघांत वाटली, तेवढीच दुसरी भाकरी चौघांत वाटली. मोठा तुकडा कुणाला, तिघांतल्याला की चौघांतल्याला? परत फोन फिरवला. या वेळी लाल खुणा चारच.

त्याच पोरांना भाकरी वाटता येते, पण एक छेद चार लिहिलं की त्यांना त्यातला चारच दिसतो, आणि चार हा तीनपेक्षा मोठा. बाईंना आपल्या वर्गाचं नेमकं दुखणं दहा मिनिटांत सापडलं. भाकरी आणि छेद यांच्यामधला पूल बांधायचा राहिला होता. पुढचा अर्धा तास त्यांनी कागदाच्या घड्या घालून तोच बांधला. त्यात ऑनलाइन काहीही नव्हतं. जाताना मला विचारलं, “सर, हे माझ्या फोनात टाकून द्याल का?”

दोन वर्षांच्या माझ्या सादरीकरणांना जे जमलं नाही ते नऊ हिरव्या खुणांनी केलं.

यातून साधन निवडण्याबद्दलही काही कळतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांची नावं तुम्ही बी.एड.च्या पुस्तकात वाचली असतील. या जोडीने २००६ मध्ये एक चौकट मांडली. तिच्या इंग्रजी लघुरूपाने परीक्षार्थी घाबरतात, गाभा मात्र साधा आहे. शिक्षकाला विषय कळायला हवा, शिकवायचं कसं ते कळायला हवं आणि साधन चालवता यायला हवं. पण या तीन गोष्टी वेगवेगळ्या येऊन भागत नाही. हा घटक, या पोरांना, या साधनाने का शिकवायचा, हे एकत्र कळायला लागतं. आपल्या बहुतेक कार्यशाळा फक्त तिसरी गोष्ट शिकवतात: खातं कसं उघडायचं, बटण कुठे आहे.

फरक कसा दिसतो बघा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. याचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, तर फळ्यावरचंच शिकवणं रंगीत झालं, एवढंच. तेच जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढून एका मुलाला वर बोलवा आणि त्याला एक शिरोबिंदू ओढायला सांगा. त्रिकोण ताणला जातो, चपटा होतो, कोन बदलत राहतात, बेरीज जागची हलत नाही. हे खडूला जमत नाही. माझ्या वर्गात एकदा कोन पूर्ण अंशांत दाखवायला लावले होते, तर एका मुलीने बेरीज करून ओरडून सांगितलं, “सर, १७९ आली!” खरंच आली होती. ६०.४, ६०.४ आणि ५९.२ यांचं स्क्रीनवर ६०, ६०, ५९ झालं होतं. त्या दिवशी त्रिकोण बाजूला राहिला आणि आसन्न किंमत शिकवून झाली.

विज्ञानासाठी फेट आहे, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि उतरवून घेतले तर नेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाच्या प्रयोगात सेलची दोन टोकं सरळ तारेने जोडली की सेलला आग लागलेली दिसते. पोरं ते दहा वेळा करतात, करू द्यावं. खऱ्या सेलवर आपण करू देणार नाही. याच्या उलट, बी कसं रुजतं याचा व्हिडिओ लावणाऱ्यांना मी विनंती करतो की मटकी भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, दोन दिवस थांबा. मोड हाताला लागतो, वास येतो. तिथे टीव्ही बंदच बरा.

आणि दीक्षा हे सरकारचं डिजिटल शिक्षणाचं व्यासपीठ तर आपल्याकडे २०१७ पासून आहेच, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्यावरचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची कल्पना आपल्याकडे रुजवणारे रणजितसिंह डिसले हे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि ज्यांनी त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटली. त्यांचं उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात दिलं जातं. देऊ नये असं नाही. पण मागच्या बाकावरच्या शिक्षकाच्या मनात काय चालतं ते मला माहीत आहे: ते डिसले गुरुजी आहेत, मी नाही.

इथे शेतीतली एक गोष्ट कामाला येते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची माहिती शेतकऱ्यांना मिळाली ती बहुतेक विक्रेत्यांकडून. पण पेरायचं ठरवताना वजन पडलं ते शेजाऱ्याच्या शब्दाचं. आणि सुरुवातीला कुणी सगळं रान त्याखाली घातलं नाही, आधी एका तुकड्यात पेरून पाहिलं. आपल्याकडे वेगळं काय होतं? कृषी अधिकारी सांगून गेला तरी बांधापलीकडच्या रानात कणीस कसं भरलंय ते पाहिल्याशिवाय कोण बियाणं बदलतो?

तर केंद्रात नवं काही रुजवायचं असेल तर तंत्रस्नेही माणसाला पुढे करू नका. हे मी स्वतःच्या विरोधात सांगतोय. माझ्याकडे बघून कुणालाही वाटत नाही की हे आपल्याला जमेल. ‘त्यांना नादच आहे’ म्हणून लोक मोकळे होतात. ज्या शिक्षकाला नुकतंच जमलंय, ज्याचा हात अजून अडखळतो, त्याला बोलू द्या. आमच्या बाई शिक्षण परिषदेत दहा मिनिटं बोलल्या, त्यात दोन वेळा चुकीचं बटण दाबलं, आणि त्या महिन्यात चार जणांनी माझ्याकडे कार्डं मागितली.

दुसरं, शेजारी उभं राहायला कुणीतरी हवं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात प्रशिक्षणांचा अभ्यास करून हेच सांगितलं. ऐकून, पाहून, सराव करूनही शिकलेली गोष्ट वर्गात उतरत नाही, वर्गात सोबत मिळाली तर उतरते. म्हणजे दोनशे शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेण्यापेक्षा पहिल्या वापराच्या तासाला एक सहकारी मागच्या बाकावर बसला तर जास्त काम होतं. तो बसला की तिसरा प्रश्न, ‘बंद पडलं तर?’, निम्मा विरतो. उरलेल्या निम्म्यासाठी तोच तास नेटशिवाय कसा घ्यायचा ते आधी ठरवून ठेवायचं. प्लिकर्स अडकलं तर पोरांना डोळे मिटून बोटं वर करायला सांगायची.

आता वरिष्ठांना दोन शब्द, रागवू नका. वापर झाला की फोटो ग्रुपवर टाका, हा आदेश एकदा मागे घेऊन बघा. फोटोसाठी रुमाल निघतो आणि फोटो झाला की परत पडतो. वर मुलांचे चेहरे शेकडो फोनांवर फिरतात ते वेगळंच. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा विषय आहे, तो आपल्या ग्रुपवर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. आणि प्रमाणपत्रासाठीची ऑनलाइन प्रशिक्षणं! मी स्वतः एका प्रशिक्षणाचे व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवले आणि शेजारी निकालपत्रकं भरली. प्रमाणपत्र छान रंगीत आलं.

शिक्षकाच्या नजरेत ‘ऑनलाइन’ या शब्दाचा अर्थच माहिती भरणं असा होऊन बसलाय. दिवसभर तोच फोन त्याच्याकडून काहीतरी मागत असतो: हजेरी, आहार, लिंक, आजच्या आज. त्या फोनमधून त्याला काही मिळूही शकतं, हे त्याला कसं पटावं? एखादी लिंक कमी करता आली तर ती कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मोठी मदत ठरेल.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी कार्डांबद्दल एवढंच. जाडसर साध्या कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही, मी पैसे घालवून हे शिकलोय. पोरांची बोटं नक्षीवर येतात, कडेला धरायची सवय लावावी लागते. कार्डाच्या मागे हजेरी क्रमांक पेनाने मोठा लिहा, नाहीतर वाटण्यातच पाच मिनिटं जातात. आणि एका तासाला प्रश्न दोनच, फार तर तीन.

बाईंच्या वर्गातलं १४ नंबरचं कार्ड जुलैच्या पावसात दप्तरात भिजून गेलं. नवीन छापायचं अजून राहिलंय. बाकीची कार्डं वर करतात तेव्हा तो मुलगा बोटं वर करतो, एक बोट म्हणजे ए, दोन म्हणजे बी. बाई फोन फिरवतात आणि त्याच्यापाशी आल्या की त्याच्या बोटांकडे बघून मान हलवतात.